पानावरचा ठिपका आणि विळ्याची वेळ

या वेळी आलेल्या पत्रांत चाऱ्याच्या पिकांवरच्या ठिपक्यांचे प्रश्न इतके आहेत, की हे सदर आम्ही पूर्ण त्यांनाच दिलं आहे. धान्याच्या पिकात थोडं पान खराब झालं तरी दाणा हाती लागतो. चाऱ्यात पान हेच पीक. म्हणून इथे ठिपका ओळखणं, तो मोजणं आणि वेळेवर विळा लावणं या तीन गोष्टींना फवाऱ्यापेक्षा जास्त महत्त्व आहे.

प्रश्न : दोन वर्षांच्या लसूणघासात खालच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके पडलेत. पानं पिवळी होऊन गळतात. कापणीला अजून दहा-बारा दिवस आहेत. कोणतं बुरशीनाशक फवारू?

उत्तर : आधी पाच-सहा पानं तोडा आणि दहापट भिंगाखाली धरा. ठिपके 1 ते 3 मिलिमीटरचे, गोल, कडा जराशी दातेरी आणि दोन ठिपके एकमेकांत न मिसळणारे असतील, तर हा लसूणघासाचा नेहमीचा पानठिपका. त्याची बुरशी स्यूडोपेझायझा मेडिकाजिनिस. खात्रीची खूण जुन्या ठिपक्यात मिळते : पानाच्या वरच्या बाजूला, ठिपक्याच्या बरोबर मधोमध, इवल्याशा बशीसारखा एक उंचवटा असतो. पान कोरडं असलं की तो आक्रसून काळपट दिसतो आणि नजरेतून सुटतो. तेच पान ओल्या टिपकागदावर तासभर ठेवा. उंचवटा फुगून फिकट, मेणचट दिसू लागेल. या बशीतूनच बीजाणू (बुरशीचे बीजासारखे सूक्ष्म कण) हवेत उडतात.

याच्यासारखे दिसणारे दुसरे ठिपकेही आहेत. कोवळ्या पानांवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे कण, मोठे झाल्यावर मधे फिकट आणि भोवती पिवळी कड, असं असेल तर तो लेप्टोस्फेरुलिना बुरशीचा ठिपका. त्यात मेलेलं पान लगेच गळत नाही, काही काळ काडीला लटकून राहतं. अंडाकृती, गडद, मधे फिकट होत जाणारे मोठे ठिपके स्टेम्फिलियमचे. पानांबरोबर काडीवरही काळे चट्टे असतील तर फोमा. बोटाने घासल्यावर विटकरी भुकटी बोटाला लागली तर तो ठिपका नव्हेच, तांबेरा आहे. वरून फिकट पिवळा डाग आणि पानाच्या पाठीवर करडी लव असेल तर केवडा रोग.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. डाग पडलेलं पान कोणत्याही औषधाने पुन्हा हिरवं होत नाही. मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य औषध फक्त निरोगी पानाचं रक्षण करतं, आणि तुमचं निरोगी पान दहा दिवसांत गव्हाणीत जाणार आहे. फवारणी आणि कापणी यांत जे अंतर लेबलवर दिलेलं असतं ते पाळायला तुमच्याकडे दिवसच नाहीत. लेबलवर चाऱ्याच्या लसूणघासाचं नाव नसेल तर ते औषध मुळीच वापरू नका, कारण अंश दुधात उतरण्याचा प्रश्न असतो. बियाण्यासाठी राखलेल्या लसूणघासाची गोष्ट वेगळी. तो महिनोन्‌महिने उभा राहतो, त्याला विळा लावता येत नाही, तिथे फवारणीला अर्थ आहे. त्याचा भुसा मात्र जनावरांना घालायचा नाही.

तुमचा उपाय विळा. साधारणपणे लसूणघास 10 टक्के फुलोऱ्याला कापतात. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली असतील तर कळी अवस्थेतच कापा. लसूणघासाच्या कोरड्या वजनात पानांचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो, पण प्रथिनांपैकी दोन-तृतीयांश पानांतच असतात. दहा दिवस थांबून काडी चार बोटं वाढेल आणि तेवढ्यात खालचं निम्मं पान जमिनीवर पडेल. उंची वाढलेली दिसते म्हणून थांबण्याची चूक इथेच होते.

कापताना 5 ते 8 सेंटिमीटर बुडखा ठेवा. दव उतरल्यावर, पानं कोरडी असताना कापा आणि कापलेला चारा शेतात पसरून ठेवू नका. ही बुरशी न कुजलेल्या पानांवर टिकते आणि पाऊस किंवा दवाची ओल मिळाली की तिथूनच नव्या फुटव्यावर चढते. दोन वाफे असतील तर नवा आधी कापा, जुना नंतर, म्हणजे जुन्या वाफ्यातला रोग विळ्याबरोबर आणि पायांबरोबर नव्यात जाणार नाही.

एक सावधगिरी. लवकर कापणी ही दर वेळची सवय होऊ देऊ नका. प्रत्येक फुटवा मुळातल्या साठ्यावर उठतो. तो साठा भरून यायला पिकाला पानं आणि दिवस लागतात. एकदा कळीत कापला तर पुढची कापणी फुलोऱ्यापर्यंत जाऊ द्या, नाहीतर रोगाने जाणार नाही तो वाफा विळ्याने विरळ होईल.

तुमच्या शेतात अशीही झाडं दिसतील, की शेजारचं गळून गेलंय आणि ते मात्र जवळजवळ स्वच्छ आहे. लसूणघास परपरागी (दुसऱ्या झाडाच्या परागाने बी धरणारा) असल्यामुळे एकाच वाणातली झाडं प्रतिकारात सारखी नसतात. पूर्ण रोगमुक्त वाण मिळणार नाही, पण वाण निवडताना पानठिपक्यांना सहनशील अशी नोंद आहे का, हे जरूर विचारा.

प्रश्न : लसूणघासाच्या पानांच्या कडेला पांढरे ठिपके आहेत. दोनदा बुरशीनाशक मारलं, काहीच फरक नाही.

उत्तर : फरक पडणारही नाही, कारण हा रोग नाही. जुन्या पानांच्या बाहेरच्या कडेला ओळीने पांढरे ठिपके आणि त्यात बुरशीचं काहीच चिन्ह नसणं ही पालाश (पोटॅशियम) कमी पडल्याची खूण आहे. लसूणघास दर टन कोरड्या चाऱ्याबरोबर जमिनीतून 20 ते 25 किलो पोटॅशियम उचलून नेतो. वर्षात सात-आठ कापण्या घेतल्या आणि पालाश टाकलाच नाही तर जमीन किती दिवस पुरवणार? माती तपासून घ्या आणि शिफारशीची मात्रा एकदम न टाकता कापण्यांनंतर विभागून द्या. पालाश कमी असलेल्या पिकावर खरे पानठिपकेही जास्त येतात, त्यामुळे कधी कधी दोन्ही एकत्र दिसतात. कडेचे पांढरे आणि मधले तपकिरी असे वेगळे ओळखा.

प्रश्न : चाऱ्याच्या ज्वारीवर लाल-जांभळे डाग पडलेत, शेजारच्या मक्यावर करडे लांब डाग. एकच रोग दोन्हीकडे पसरला का?

उत्तर : रंगावरून निष्कर्ष काढू नका. ज्वारीतला लाल-जांभळा रंग बुरशीचा नसतो, तो झाडाचा स्वतःचा. जखम झाली की झाड तिथे संरक्षणाची रंगद्रव्यं साठवतं. फिकट जातीच्या ज्वारीत तोच रोग तपकिरी दिसतो. मावा टोचला, तणनाशकाचा फवारा उडाला, तरी लाल ठिपका उमटतो. म्हणून आकार पाहा, हात फिरवा, भिंग लावा.

डाग लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, 2.5 पासून 15 सेंटिमीटरपर्यंत, आणि ओलसर सकाळी त्यावर काळपट-हिरवी लव आली असेल तर तो टर्सिकम करपा. मक्यात आणि ज्वारीत दोन्हीकडे येतो, पण मक्यावरची आणि ज्वारीवरची बुरशी बहुतेक वेळा आपापल्या पिकालाच चिकटून असते. मक्यावर दोन-तीन सेंटिमीटरचे, शिरांनी दोन्ही बाजूंनी अडवलेले, पेंढ्याच्या रंगाचे डाग असतील तर तो मेडिस करपा. 1970 साली अमेरिकेत याच रोगाने मक्याचं मोठं नुकसान केलं, कारण बहुतेक संकरित बियाण्यात एकाच मूळ मादी-स्रोताचा पेशीद्रव (पेशीतला, आईकडून येणारा द्रव) होता आणि बुरशीच्या एका वंशाला तो नेमका बळी पडत होता. एकच वाण सगळ्या शेतात लावू नका, असं आम्ही सांगतो त्यामागे हे आहे.

ज्वारीवर छोटे गोल-लंबगोल डाग, मधे फिकट आणि भिंगातून त्या फिकट भागात काळे काटे उभे राहिल्यासारखे दिसले, तर तो अँथ्रॅक्नोज. डागावर बोट फिरवलं आणि काचकागदासारखा खरखरीत लागला तर तो ॲस्कोकायटाचा खरबरीत ठिपका. पानाच्या कडेपासून आत आलेले अर्धवर्तुळाकार मोठे डाग, त्यात गडद आणि फिकट पट्टे एकाआड एक, हा पट्टेदार ठिपका. याची बुरशी ग्लिओसर्कोस्पोरा सॉर्घी. जखमी ज्वारीतून सायनाइड सुटतं, पण ही बुरशी त्याचं फॉर्मामाइड नावाच्या निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर करून पुढे सरकते. ज्वारीचं विषच तिला रोखू शकत नाही.

सायनाइडचा विषय निघालाच आहे तर नीट ऐका. वर लसूणघासाला लवकर कापा असं सांगितलं, तो सल्ला ज्वारीला जसाच्या तसा लावू नका. कोवळी ज्वारी, कापणीनंतरचा कोवळा फुटवा आणि पाण्याचा ताण पडलेलं पीक यांत हे विष सर्वात जास्त असतं. रोग दिसला म्हणून गुडघ्याएवढं कडवळ (चाऱ्याची ज्वारी) कापून दावणीला टाकलं तर जनावर दगावू शकतं. पीक किमान 60 सेंटिमीटरच्या वर गेल्यावरच हिरवं द्या, आणि ताण पडला असेल तर उंची गाठल्यावरही घाई करू नका. रोगामुळे आधी कापणं भागच असेल तर नीट वाळवून किंवा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) करून वापरा, त्यात विष बरंच उतरतं.

पुढच्या हंगामासाठी : ज्वारीवर ज्वारी, मक्यावर मका घेऊ नका. मधे चवळीसारखं कडधान्य चारा पीक घ्या. धसकटं आणि खाली पडलेली पानं खोल गाडा, बांधावरची रानज्वारी काढा. दाट पेरणी आणि भरमसाट नत्र यांनी कडवळ हिरवंगार दिसतं, पण आत हवा खेळत नाही आणि पानं दुपारपर्यंत ओली राहतात. बुरशीला नेमकं तेच हवं असतं.

प्रश्न : मी कृषी पदविकेची विद्यार्थिनी आहे. लसूणघासाच्या दोन वाणांवरच्या पानठिपक्यांची तुलना हा माझा प्रकल्प आहे. नोंदी कशा घेऊ? प्रयोगशाळेत बुरशी वेगळी करता येईल का?

उत्तर : प्रकल्प चांगला आहे. तुलना एका दिवसाच्या पाहणीवर उभी करू नका, ही पहिली अट.

प्रत्येक वाणाचे किमान तीन-चार वाफे वेगवेगळ्या जागी ठेवा. वाफ्यात कड सोडून नागमोडी चाला, दहा जागी थांबा, प्रत्येक जागी न पाहता हाताला लागेल ती काडी घ्या. वाईट दिसणाऱ्या काड्या निवडण्याचा मोह होतो, तो टाळा. काडीच्या ठराविक भागातली, समजा मधली, पाच पानं तपासा. अशी 50 पानं झाली.

प्रत्येक पानाला श्रेणी द्या : 0 निरोगी, 1 म्हणजे पानाचा 5 टक्क्यांपर्यंत भाग, 2 म्हणजे 6 ते 10, 3 म्हणजे 11 ते 25, 4 म्हणजे 26 ते 50, 5 म्हणजे त्याहून जास्त. बारीक ठिपके खूप असले की डोळा रोग जास्त धरतो. अंदाज येण्यासाठी हिशेब करून पाहा : 2 चौरस सेंटिमीटरच्या पर्णिकेवर (लसूणघासाच्या पानाच्या तीन भागांपैकी एकावर) 2 मिलिमीटर व्यासाचे दहा ठिपके म्हणजे सुमारे 16 टक्के. नजरेला ती अर्धी भरल्यासारखी वाटते.

समजा 50 पानांत 10 पानं श्रेणी 0, 15 श्रेणी 1, 12 श्रेणी 2, 8 श्रेणी 3, 4 श्रेणी 4 आणि 1 श्रेणी 5 मध्ये आली. श्रेणींची बेरीज 84. सगळी पानं श्रेणी 5 मध्ये असती तर 250. म्हणून रोगाची तीव्रता 84 भागिले 250, गुणिले 100, म्हणजे 33.6 टक्के. रोगग्रस्त पानं मात्र 50 पैकी 40, म्हणजे 80 टक्के. हे दोन आकडे अनेक अहवालांत एकमेकांच्या जागी लिहिलेले असतात. तुम्ही वेगळे लिहा.

ही नोंद कापणीनंतर फुटवा आल्यापासून दर सात दिवसांनी घ्या. का ते पाहा. एका वाणात तीव्रता 4, 10, 22, 34 अशी वाढली, दुसऱ्यात 4, 20, 30, 34. शेवटचा आकडा सारखाच. आता दोन लागोपाठच्या नोंदींची सरासरी काढून दिवसांनी गुणा आणि बेरीज करा. पहिल्या वाणात 49 अधिक 112 अधिक 196, म्हणजे 357. दुसऱ्यात 84 अधिक 175 अधिक 224, म्हणजे 483. याला रोगवाढीच्या वक्राखालचं क्षेत्र म्हणतात. दुसऱ्या वाणाने रोग जास्त दिवस सोसला, हे शेवटच्या आकड्याने कधीच सांगितलं नसतं.

लसूणघासात आणखी एक फसगत होते : गळलेलं पान मोजणीतून निसटतं. सर्वात रोगट पानं पडून गेली की उरलेली स्वच्छ दिसतात आणि तीव्रता कागदावर कमी होते. म्हणून प्रत्येक काडीवर एकूण पेरं आणि पान नसलेली पेरं मोजा. 14 पेरांपैकी 5 उघडी असतील तर पानगळ 36 टक्के. हा रकाना नसेल तर तुमची सगळी तुलना उलटी लागू शकते.

बुरशी वेगळी करण्यासाठी ठिपक्याच्या कडेचा, अर्धा निरोगी अर्धा रोगट असा 3 ते 5 मिलिमीटरचा तुकडा घ्या. मधला तुकडा घेतला तर मेलेल्या पानावर मागाहून आलेली अल्टरनेरियासारखी बुरशीच वर येते. 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुऊन बटाटा-डेक्स्ट्रोज-आगरवर ठेवा (1 लिटर पाण्याला 200 ग्रॅम बटाट्याचा अर्क, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, 20 ग्रॅम आगर). स्टेम्फिलियम, फोमा अशाने मिळतील. स्यूडोपेझायझा मात्र फार हळू वाढते आणि इतर बुरशा तिला झाकून टाकतात. तिच्यासाठी बशा असलेलं पान भिजवून, बशा वर करून ठेवा आणि आगर असलेली काचेची थाळी त्यावर उलटी धरा. बीजाणू वर उडून आगरला चिकटतात. तेवढी सोय नसेल तर भिंगातली ओळख आणि फोटो पुरेसे आहेत. प्रयोगशाळेत बुरशी वाढवता आली नाही म्हणून प्रकल्प अडत नाही.

प्रश्न : ठिपके पडलेला चारा जनावरांना घातला तर अपाय होतो का?

उत्तर : पानठिपक्यांच्या बहुतेक बुरशा जनावरांना विषारी नाहीत. नुकसान होतं ते चव, पचनीयता आणि प्रथिनांचं. दोन अपवाद लक्षात ठेवा.

पहिला लसूणघासातला. पानावर रोग आला की झाड कौमेस्ट्रॉल नावाचं द्रव्य तयार करतं. निरोगी चाऱ्यात ते अगदी थोडं, रोगट चाऱ्यात कित्येक पटींनी जास्त. त्याचा परिणाम मादीच्या संप्रेरकासारखा असतो. मेंढ्यांमध्ये त्यामुळे बीजं कमी सुटतात आणि कोकरांची संख्या घटते. वाळवल्यावरही ते टिकतं. म्हणून मेंढ्या फळवण्याच्या काळात, त्याआधीच्या काही आठवड्यांपासून, रोगट लसूणघास मुख्य चारा म्हणून देऊ नका. गवतवर्गीय चाऱ्यात मिसळून द्या किंवा ज्यांना तेव्हा फळवायचं नाही अशा जनावरांकडे वळवा.

दुसरा रेड क्लोव्हर या द्विदल चारा पिकाचा. त्याच्यावरच्या काळ्या चट्ट्यांच्या बुरशीत स्लॅफ्रामिन नावाचं विष तयार होतं आणि जनावरांच्या तोंडातून लाळेच्या धारा लागतात, विशेषतः घोड्यांच्या. असा चारा लगेच बंद करा.

प्रश्न : करप्याने पानं वाळत चाललेल्या मक्याचा मुरघास होईल का?

उत्तर : होईल, पण पानं पाहून ओलावा ठरवू नका. पानं वाळली तरी खोड आणि कणीस ओलं असतं. घाईने कापला तर खड्ड्यातून पाणी सुटतं, थांबून राहिलात तर चारा दाबला जात नाही. चार-पाच अख्खी झाडं कुट्टी करा, त्यातली 100 ग्रॅम वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. 32 ते 35 ग्रॅम उरले तर वेळ बरोबर. घाईत असाल तर मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट आवळून सोडा. पाणी ठिबकलं तर थांबा, गोळा हळूहळू सुटला आणि तळहात ओलसर राहिला तर कापा, गोळा झटकन विस्कटला तर उशीर झालाय.

उशीर झालाच तर कुट्टी एक सेंटिमीटरच्या आसपास बारीक करा. कोरडी पानं स्प्रिंगसारखी उसळतात आणि मधे हवा धरतात. त्या हवेवरच बुरशी आणि यीस्ट पोसतात. 15 सेंटिमीटरहून जाड थर घालू नका आणि प्रत्येक थर दाबून मगच पुढचा. नीट आंबलेल्या मुरघासात पानावरचा करपा टिकत नाही. कणसाला बुरशी लागली असेल तर तो वेगळा आणि जास्त गंभीर विषय आहे, ती कणसं मुरघासात घालू नका.

प्रश्न : तुषार सिंचन कधी चालवावं?

उत्तर : संध्याकाळी नको. संध्याकाळी भिजलेलं पान सुकण्याआधीच दव पडतं आणि ओल रात्रभर आणि सकाळपर्यंत सलग राहते. पहाटे, दव असतानाच चालवलं तर पान तसंही ओलंच असतं, ओलीचे तास फारसे वाढत नाहीत आणि उन्हाने लवकर सुकतं. कापणीच्या आधी दोन-तीन दिवस तुषार बंद ठेवा.

प्रश्न : लसूणघासाच्या बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम दोन्ही लावता येतात का? आणि गव्हाणीतला उरलेला रोगट चारा शेणखतात टाकला तर चालेल का?

उत्तर : दोन्ही लावता येतात, क्रम महत्त्वाचा. आधी बुरशीनाशक (थायरम किलोला 3 ग्रॅम), बी सावलीत सुकू द्या, रायझोबियम अगदी शेवटी, पेरणीच्या तोंडावर. दोन्ही एकाच भांड्यात कालवलं तर जिवाणू मरतात आणि मुळांवर गाठी येत नाहीत. औषध लावलेलं उरलेलं बी जनावरांना चुकूनही घालू नका.

गव्हाणीतलं उरलेलं शेणखतात जरूर टाका, पण ढिगाच्या वरच्या थरात नाही. मधोमध टाका, ओलावा ठेवा, ढीग 55 अंशांच्या वर तापला पाहिजे. थंड झाला की वरचा थर आत आणि आतला बाहेर असा उलटा, पुन्हा तापू द्या. अर्धवट कुजलेलं, पानं ओळखू येतात असं खत त्याच पिकाच्या शेतात टाकलं तर बुरशी तुम्हीच परत नेऊन पसरवता. घाई असेल तर ते खत वेगळ्या पिकाला घाला.